प्रवासाचा वेळ धरून

कवळीबाईने एखाद्यावर दात धरला की तो सुटत नाही, असं दवाखान्यातले सगळे म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर खो खो हसायचे. बाई हसायची नाही. दातांवरचे विनोद ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलाशी बसून ती लोकांच्या कवळ्या करायची. पुढे खुर्चीत डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे आणि ते माप ओलंच मागे तिच्याकडे यायचं. मग त्यात प्लास्टर ओतायचं, साचा सुकवायचा, मेणाची हिरडी बसवायची आणि तिच्यात एकेक दात लावायचा. वरचा दात खालच्यावर नेमका कुठे टेकतो ते ती निळ्या कागदाची पट्टी मध्ये धरून बघायची. केसाएवढा फरक दिसला तरी पुन्हा घासायला घ्यायची. डॉक्टर म्हणायचे, अहो, चालेल. ती म्हणायची, तुम्हाला चालेल, चावायचं त्यांना आहे.

आता अशा बाईला भर कोर्टात, सगळ्यांदेखत, साध्या बेरजेत कोणी फसवावं आणि तिने मान डोलवावी, याला काय म्हणायचं? पण तसं झालं खरं.

नवरा-बायकोचं का फाटलं ते सांगत बसत नाही. दोघांच्या तोंडून ऐकलं तर दोन वेगळी लग्नं मोडली असं वाटेल. नवऱ्याला दूरच्या शहरात मोठी नोकरी लागली होती. घर ऐसपैस, शाळा चांगली, आणि ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या दातांत अडकलेली. कोर्टाने मुलगी बापाकडे दिली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिचं नाक शर्टाच्या बटणासारखं होतं, म्हणून सगळे तिला बटण म्हणायचे. आईला काय मिळालं, तर मोठ्या सुट्टीतले एकवीस दिवस. आणि त्याच्यापुढे तीन शब्दांचं शेपूट होतं: प्रवासाचा वेळ धरून.

त्या शेपटातच सगळी मेख होती. नवऱ्याचा वकील मोठा गोडबोल्या. त्याने विमानाचं तिकीट हातात उंच धरलं आणि न्यायाधीशांना समजावून सांगायला लागला. विमान तिथून शुक्रवारी दुपारी एकला सुटतं, इथे शनिवारी सकाळी साडेसातला पोचतं, म्हणजे साडेअठरा तास. शिवाय दोन शहरांच्या घड्याळांत सात तासांचा फरक आहे, तोही धरायला नको का? झाले साडेपंचवीस. शिवाय घरापासून विमानतळ, तिथे चार तास आधी हजेरी, सामान, रांगा, आणि एवढ्याशा पोरीला मध्ये विसावा नको? नऊ हजार किलोमीटर म्हणजे काही खायचं काम नाही साहेब. एका खेपेला तीन दिवस धरा, जायचे तीन आणि यायचे तीन.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई, मान्य? तिचा स्वतःचा वकील तेव्हा दुसऱ्याच कुठल्या खटल्याचे कागद चाळत होता. ती जन्मात विमानात बसली नव्हती. माणूस एवढ्या ठामपणे बोलतोय म्हणजे तसंच असेल, असं तिला वाटलं. तिने मान हलवली. एकविसातले सहा तिथेच गेले.

पहिल्या वर्षी तिने सुट्टी लागल्याच्या दिवशी फोन केला. नवरा म्हणाला, ती प्रवासात आहे. दुसऱ्या दिवशी केला. ती प्रवासात आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती विमानतळावर जाऊन उभी राहिली, ती चौथ्या दिवशी सकाळी बटण विमान कंपनीच्या बाईचा हात सोडून तिच्या कमरेला येऊन बिलगेपर्यंत तशीच उभी होती. पोरीचे पाय सुजले असतील, पोट बिघडलं असेल, म्हणून बाईने चार दिवस तिला मऊ भात आणि दूध दिलं. पोरगी बिचारी मुकाट्याने खात होती.

दुसऱ्या वर्षी बाई तिची वेणी घालत होती. सहज विचारलं, काय गं, एवढे तीन दिवस विमानात करतेस तरी काय? बटणने बोटांवर मोजून सांगितलं. दोन सिनेमे, एक झोप, मग पाव आणि जॅम, आणि मग तू.

बाईचा हात वेणीतच थांबला. दोन सिनेमे आणि एक झोप. हे तीन दिवस? तिने विचारलं, आणि त्याच्या आधी? बटणने मान खाली घातली आणि म्हणाली, बाबांनी सांगितलंय, सांगायचं नाही. बाईने जास्त खोदलं नाही, पण काय समजायचं ते ती समजली. तिच्या डोळ्यांसमोर आलं की हा माणूस पोरीला घेऊन दोन दोन दिवस मजा मारतोय, हिंडतोय, आइस्क्रीम चारतोय आणि इकडे फोनवर आपल्याला बनवतोय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे गेली. त्याच्या टेबलावर एका बाजूने रंग उडालेला पृथ्वीचा गोळा होता. त्याने ड्रॉवरमधून पांढरा दोरा काढला, एक टोक या शहरावर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं त्या शहरावर ताणलं. मग दोरा पट्टीवर धरून मोजला आणि म्हणाला, नऊ हजार एकशे चाळीस किलोमीटर, साडेअकरा तास. घरातून निघून घरात पोचेपर्यंत एक दिवस, डोक्यावरून पाणी.

बाईने वकिलाचा हिशोब सांगितला. तिकीटवाला आधी हसला, मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. त्याने कागद घेतला. तिकिटावर निघायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, पोचायची इथल्या. साडेअठरा दिसतात त्यातून फरकाचे सात वजा करायचे असतात. तुमच्या वकिलाने ते मिळवले.

"तो माझा वकील नव्हता," बाई म्हणाली.

तो दोरा तिने मागून घेतला आणि कामाच्या टेबलावरच्या दिव्याला बांधून ठेवला. आणि त्या दिवसापासून तिने जो दात धरला, त्याला तोड नाही. नवऱ्यावर धरला, वकिलावर धरला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःवर धरला. केसाएवढा फरक ज्या बाईच्या नजरेतून सुटत नाही तिला भर दुपारी, उजेडात, चौदा तासांचा फरक दिसला नाही. नुसतं आठवलं तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एक जुना बिनधन्याचा प्लास्टरचा जबडा होता, त्याच्यावर तिने पेन्सिलीने लिहिलं ‘वकील’. घासायचं यंत्र नवीन आलं की आधी त्या जबड्यावर चालवून बघायची. वर्षभरात त्याच्या पुढच्या दातांचा भुगा झाला.

तिने अर्ज केला. तारीख पडली, पुढे गेली, परत पडली. गोडबोल्या वकील उभा राहून म्हणाला की विमान कधी उशिरा सुटतं, कधी जागा मिळत नाही, मुलीच्या तब्येतीशी खेळ नको, आणि मुळात बाईंनी मान्य केलेली गोष्ट आहे. न्यायाधीश बदलले होते. नव्यांनी जुना कागद बघितला, त्यावर तिची सही होती. अर्ज फेटाळला. ती नवऱ्याला फोनवर म्हणाली की विमान साडेअकरा तासांचं आहे, हे तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, कोर्टाने जे लिहिलंय ते लिहिलंय. त्या दिवसापासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणायला लागली. लग्नाआधीपासून ‘तू’ होता तो.

दरवर्षी चार दिवस. बटण सात वर्षांची झाली, नऊ, अकरा, तेरा. आठ सुट्ट्यांचे बत्तीस दिवस या माणसाने तिच्या ताटातून उचलून नेले. आणि दरवर्षी तेच वाक्य, त्याच थंड आवाजात, की ती प्रवासात आहे. बाई फोन ठेवायची आणि टेबलाशी जाऊन बसायची. त्या दिवसांत तिने केलेल्या कवळ्या मात्र एकदम पक्क्या बसायच्या. राग हातात उतरला की हात थरथरत नाही, असं ती म्हणायची.

बटण चौदाची झाली तेव्हा प्रकरण परत कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी मुलीला आपल्या खोलीत बोलावून विचारलं, तुला कुठे राहायचंय? ती आत काय बोलली ते आतच राहिलं, पण बाहेर आली तेव्हा निकाल ठरल्यात जमा होता. मुलगी आता आईकडे राहणार, आणि मोठ्या सुट्टीत एकवीस दिवस बापाकडे जाणार.

आता बाईकडे नवीन वकीलबाई होत्या, चांगल्या खमक्या. त्या कागद करायला बसल्या आणि आनंदाने म्हणाल्या, ताई, आता ते प्रवासाचं शेपूट आधी कापू या. एकवीस म्हणजे एकवीस, प्रवास वेगळा. दोघांच्याही सोयीचं.

"त्या ओळीला हात लावायचा नाही," बाई म्हणाली. "नावं तेवढी इकडची तिकडे करा."

वकीलबाईंचं पेन हवेत थांबलं. त्यांनी विचारलं की बाई, हे चुकीचं आहे असं तुम्हीच सात वर्षं ओरडून सांगत होतात ना? बाई म्हणाली, होते ना. आता जाणारे तीन आणि येणारे तीन असं स्पष्ट लिहा, कुठे शंका राहायला नको. वकीलबाईंनी तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि लिहिलं.

निकालाच्या दिवशी तोच गोडबोल्या आला होता, आता पाठीत वाकलेला. खालचा पुढचा दात पडलेला होता आणि वरचा हलत होता, हे बाईला दारातूनच दिसलं. त्याने कागद वरवर चाळला आणि म्हणाला, आमची हरकत नाही. मेल्याला आपलंच वाक्य ओळखू आलं नाही! शेजारी बसलेल्या नवऱ्याला मात्र आलं. त्याने वकिलाची बाही ओढली, पण तोवर न्यायाधीशांनी सही ठोकली होती. त्याचं तोंड एवढंसं झालं. बाईला त्या एका क्षणासाठी बत्तीस दिवस वसूल झाल्यासारखं वाटलं, आणि अजून तर सुरुवात होती.

बटण येऊन आईकडे राहिली. उंच झाली होती, नाकाचं बटण राहिलं नव्हतं, बोलायची कमी. अभ्यास करायची, भांडी विसळायची, दवाखान्यात येऊन मेणाचे तुकडे वितळवत बसायची. एकच खोड होती तिला. बॅग कधी पूर्ण रिकामी करायची नाही. चार कपडे कपाटात, चार बॅगेत, आणि बॅग दाराजवळच्या बोळात. बाईने दोनतीनदा सांगून बघितलं, अगं, हे तुझंच घर आहे. बटण हो म्हणायची आणि बॅग तिथेच राहायची. बाई कामाच्या गडबडीत होती. आणि डोक्यात सुट्टीचे दिवस मोजणं चालू होतं.

सुट्टी शुक्रवारी लागली. एकविसातला पहिला दिवस शुक्रवार, म्हणून बाईने तिकीट काढलं रविवारचं, सकाळी दहाचं. त्यातला एक तास अलीकडे नाही की पलीकडे नाही. तिकीटवाला म्हणाला, ताई, शनिवारच्या विमानात भरपूर जागा आहे की. ती म्हणाली, असू दे.

शुक्रवारी दुपारी ती दवाखान्यातून लवकर घरी आली, मुद्दाम. चार वाजता फोन वाजला. तिकडे सकाळचे नऊ. तिला माहीत होतं तो करणार. ती आठ वर्षं या फोनच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, आज पहिल्यांदा या टोकाला आली होती. नवरा म्हणाला, जरा बटणला दे.

"ती प्रवासात आहे," बाई म्हणाली.

अगदी त्याच थंड आवाजात. एकेक अक्षर तिने घासूनपुसून दिलं. मग तो म्हणाला की हे बघ, साडेअकरा तास लागतात, तुलाही माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. मी रजा टाकून बसलोय, घर आवरून ठेवलंय. ती म्हणाली, कोर्टाने जे लिहिलंय ते लिहिलंय, आणि काही शंका असली तर तुमच्या वकिलांना विचारा, बेरीज त्यांचीच आहे. तो ‘अगं’ म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला.

काय सांगावं तिला किती बरं वाटलं! बाई स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला, साखर एक चमचा जास्तच घातली. गुणगुणत होती म्हणा ना. दोन कप भरून बटणला हाक मारली, उत्तर आलं नाही. म्हणून कप घेऊन बोळात आली.

बटण दाराजवळ आपल्या बॅगेवर बसली होती. अंगात जाकीट, पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. हात मांडीवर.

बाई म्हणाली, अगं, विमान परवा आहे, आत्तापासून बूट कशाला? बटण म्हणाली, माहीत आहे. आणि उठली नाही.

"तिकडे पण अशीच बसायचे," ती म्हणाली. "जायच्या आधी दोन दिवस, आल्यावर दोन दिवस. खेळायला जायचं नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, कोणी बघितलं तर? बाबा म्हणायचे, आपण निघालो आहोत असं समज. मी लहान होते, मला वाटायचं बूट काढले तर खोटं पडेल. मग फोन वाजायचा. तुझा आवाज मला ऐकू यायचा, आई. तू विचारायचीस, तिला खायला नीट देतात ना विमानात. आणि बाबा सांगायचे, ती प्रवासात आहे." तिने बुटाच्या नाडीची गाठ चाचपली. "आत्ता तू अगदी तसंच म्हणालीस."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईला पेलला असता, रागाशी तिचा जुना घरोबा होता. कप तिने खाली ठेवले आणि समोर जमिनीवरच बसली. आठ वर्षं तिला वाटत होतं की ते दिवस तिच्याकडून काढून त्याने स्वतःच्या ताटात वाढून घेतले. हिंडणं, आइस्क्रीम, सगळं तिने डोळ्यांनी बघितल्यासारखं मनात बघितलं होतं. आणि पोरगी बसली होती बूट घालून, दार लावलेल्या घरात, कोणाचीच नाही अशी. बत्तीस दिवस. ते बाईचे नव्हतेच कधी. आणि आजचा तेहतिसावा, तो तिने स्वतःच्या हाताने, चहात जास्त साखर घालून, लेकीच्या माथी मारला होता. तिला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण पोरीसमोर रडून तिच्यावर आणखी एक ओझं कशाला, म्हणून ती उठली. म्हणाली, बस इथेच, मी आलेच.

चपला अडकवून ती तशीच कोपऱ्यावर गेली. तिकीटवाला गल्ला बंद करायच्या बेतात होता. त्याने रविवारचं तिकीट शनिवारचं करून दिलं. परतीचंही तिने एकविसाव्या दिवसाचं करून घेतलं. मग तिथल्याच फोनवरून वकीलबाईंना सांगितलं की ते शेपूट कापा. वकीलबाई म्हणाल्या, आता का? ती म्हणाली, उद्या येते, तेव्हा सांगते.

घरी आली तेव्हा बटण तिथेच होती, चहावर साय धरलेली. बाईने नंबर फिरवला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"उद्या दुपारी अडीचला उतरतेय, तुमच्या घड्याळाने," ती म्हणाली. "आणि आभार मानू नका, हे तुमच्यासाठी नाही. तुम्ही तिला बूट घालून बसवलंत, ते मला आज कळलं. तुमच्यावरचा दात होता त्याहून पक्का झालाय, तो मरेपर्यंत निघायचा नाही."

त्याच्या उत्तराची तिने वाट बघितली नाही. फोनची तार ताणून बोळापर्यंत आणली आणि रिसीव्हर लेकीपुढे धरला. म्हणाली, बोल, तू घरीच आहेस.

बटणने आधी आईकडे बघितलं, मग फोन कानाला लावला. काय बोलली ते बाईने ऐकलं नाही. ती साय काढून चहा परत गरम करायला आत गेली होती. आतून तिला एवढंच दिसलं की बोलता बोलता पोरीने एका पायाने दुसऱ्या पायाचा बूट ढकलून काढला, मग दुसराही काढला, आणि बॅगेवरून उठून खिडकीत जाऊन उभी राहिली.